काळ्या मातीवरचा डांबरी ड्राइव्हवे : इंदूरच्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली. आता लोकमान्यनगरात घरीच असते, पण ओळखीपाळखीतून फोन येत राहतात : "ताई, गेटपासून पोर्चपर्यंत डांबर टाकायचंय, काय काय बघू?" दर वेळी तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. सुदामानगरसारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना आणि राऊ-महूकडे मोठा प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांना, दोघांनाही याचा उपयोग व्हावा.

आमच्या घराला डांबरी ड्राइव्हवे मुळात शोभेल का?

शोभण्यापेक्षा परवडेल का, टिकेल का, हे आधी बघा. गेट ते पोर्च चार-पाच मीटरच असेल तर माझं उत्तर "नको" असं आहे. तेवढ्या जागेत रोलर धड मागेपुढे होत नाही, आणि डांबर नीट दाबलं गेलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही. अशा ठिकाणी पेव्हर ब्लॉक लावा. खाली माती हलली तर ब्लॉक उचलून, रेती सारखी करून परत बसवता येतात.

बारा-पंधरा मीटरपेक्षा लांब वाट असेल, कडेला मोकळी जागा असेल, तर डांबर चांगलं. काँक्रीट ताठ असतं, खालची माती वर-खाली झाली की तडकतं आणि तो तडा जन्मभर दिसतो. डांबरी थर थोडा लवतो, दुरुस्तही लवकर होतो. पण तो ऊन पितो. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. घरात लहान मुलं अंगणात खेळत असतील तर हेही मनात धरा.

डांबर म्हणजे नेमकं काय टाकतात?

आपण सगळ्यालाच डांबर म्हणतो. खरं तर दगडी कोळशापासून निघतं ते कोलटार वेगळं, आणि कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरतं ते बिटुमेन वेगळं. आज रस्त्यावर पडतं ते बिटुमेनच. तयार मालात ते शंभर किलोला पाच किलोच्या आसपास असतं, बाकी सगळी गिट्टी, चुरी आणि बारीक भुकटी. म्हणजे वजन पेलते ती गिट्टी, बिटुमेन फक्त तिला धरून ठेवतं.

आयएस ७३ या मानकात बिटुमेनच्या चार प्रती (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे व्हीजी) आहेत : व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४०. आकडा चढेल तसा घट्टपणा वाढतो. इंदूरच्या उन्हाळ्याला घरासाठी व्हीजी-३० पुरेसं आहे. कोटेशनवर हे नाव लिहूनच घ्या.

इंदुरात ड्राइव्हवे दोन-तीन पावसाळ्यांतच का उखडतात?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर डांबरात नाही, डांबराखाली आहे.

"मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" असं आपल्याकडे म्हणतात. शेतासाठी हे वरदानच आहे. ही काळी माती पाणी धरून ठेवते म्हणूनच माळव्यात गहू आणि सोयाबीन पिकतं. पण तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे अखेरीस एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत शाळेची फूटपट्टी अख्खी आत जाते. तीच जमीन ऑगस्टमध्ये चपलेला किलोभर चिकटते. भिजलेल्या काळ्या मातीची भार पेलण्याची ताकद आम्ही सीबीआर चाचणीने मोजायचो, म्हणजे प्रमाणित गिट्टीच्या तुलनेत किती टक्के ते. तिचा आकडा बहुतेक वेळा २ ते ४ टक्क्यांत यायचा. चांगल्या मुरमाचा आकडा याच्या कितीतरी पट असतो.

अशा जमिनीवर वरवर मुरूम पसरून दोन इंच डांबर दाबलं तर पहिल्या उन्हाळ्यात कडेला समांतर लांब भेग पडते. पावसाळ्यात त्या भेगेतून पाणी खाली उतरतं, माती लोण्यासारखी होते, गाडीचं चाक त्या जागी दबतं आणि मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटते. लोक म्हणतात डांबर भेसळीचं होतं. मी तपासलेल्या अशा बहुतेक तुकड्यांत डांबर ठीकच निघालं, खालचा पाया नव्हता.

मग किती खोदायचं आणि काय भरायचं?

आधी एक खड्डा घेऊन बघा. इंदुरात काही भागांत हातभर खालीच पिवळसर मुरूम किंवा काळा पाषाण लागतो, काही भागांत पुरुषभर काळी मातीच असते. मुरूम वर असेल तर नशीब समजा, काळा थर तेवढा काढून टाका.

काळी माती खोल असेल तर सगळी काढणं शक्य नसतं. घरगुती गाडीसाठी मी निदान ४५ सेंटीमीटर खोदायला सांगते, जमलं तर ६०. तळ सारखा करून, किंचित ओलसर असताना रोलरने दाबायचा. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं तर चिखल वर चढत नाही आणि मुरूम खाली रुतत नाही. हा खर्च मला नेहमी सार्थकी लागलेला दिसला. मग दहा-दहा सेंटीमीटरचे थर करून मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून वेगळा दाबायचा. एकदम ट्रॉली ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभर भागच घट्ट होतो.

मुरमावर डब्ल्यूबीएम, म्हणजे मोठी गिट्टी, तिच्या फटींत बारीक चुरी, वरून पाणी आणि रोलर. साडेसात सेंटीमीटरचे दोन थर. हा थर पूर्ण झाला की त्यावरून टाचेने जोर देऊन चाला. गिट्टी हलली तर काम अजून व्हायचं आहे.

माती काढण्याऐवजी तिच्यात ३ ते ५ टक्के चुना मिसळण्याची पद्धतही आहे. चुन्याने मातीचा चिकटपणा जातो, ती भुसभुशीत होते आणि फुगणं पुष्कळ कमी होतं. मोठ्या रस्त्यांवर हे उत्तम चालतं. घरच्या छोट्या कामात फावड्याने चुना सारखा मिसळत नाही, एका जागी ढीग आणि दुसरीकडे काहीच नाही असं होतं. त्यापेक्षा माती बदला.

मुरूम चांगला आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मूठभर मुरूम काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी दाणेदार थर आणि वर बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं तर ठीक. वर जाड, साबणासारखा गाळ तरंगत असेल तर त्यात माती जास्त आहे. दुसरी परीक्षा : ओला मुरूम तळहातावर चोळून वळी करून बघा. बोटाएवढी लांब, न तुटणारी वळी झाली तर तो मुरूम परत पाठवा. प्रयोगशाळेतला आमचा नियमही याच तत्त्वावर होता, फक्त आमच्याकडे त्याला आकडे होते.

डांबराची जाडी किती असावी?

कार आणि दुचाकी एवढंच असेल तर दाबल्यानंतर ५० मिलिमीटर. "दाबल्यानंतर" हा शब्द सोडू नका. पसरताना माल ६० ते ६५ मिलिमीटर असावा लागतो, तेव्हा दाबून ५० होतो.

उन्हाळ्यात घरी पाण्याचा टँकर आत येतो का? मग हिशेब बदलतो. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच पाच टन, वर गाडीचं वजन. तिथे दोन थर हवेत, खाली ५० मिलिमीटर जाड गिट्टीचा आणि वर २५ ते ३० मिलिमीटर बारीक गिट्टीचा. किंवा टँकर गेटबाहेर उभा करून पाइप आत घ्या, हे सर्वांत स्वस्त.

कॉलनीच्या गल्ल्यांत २० मिलिमीटरचं प्रिमिक्स कार्पेट, म्हणजे आधीच कालवलेल्या गिट्टी-डांबराचा पातळ थर टाकतात, त्यावर सील कोट, म्हणजे फटी बुजवणारा बिटुमेनचा हात. ठेकेदार घरासाठीही तेच सुचवतात. पाया उत्तम असेल तर हलक्या गाडीला ते चालतं, पण त्यात फटी खूप असतात आणि सील कोट वाचवला तर पहिल्याच पावसात पाणी थेट खाली जातं.

पाण्याचा ढाळ कसा द्यायचा?

दर मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर. दहा मीटरच्या वाटेला २० ते २५ सेंटीमीटरचा फरक. ढाळ घराकडून बाहेर, किंवा एका कडेच्या नालीकडे. तयार ड्राइव्हवे घराच्या जोत्यापासून निदान १५ सेंटीमीटर खाली राहिला पाहिजे.

हा ढाळ डांबरात द्यायचा नसतो, मातीपासूनच द्यायचा असतो. तळ सपाट ठेवून डांबराची जाडी एका बाजूला कमी करत नेली तर पातळ कड आधी तुटते. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल नळी असतेच, प्रत्येक थराला दोन्ही टोकांना धरून खूण करून घ्या. काम पुरं झाल्यावर नळीने सगळीकडे पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने परत या. जिथे डबकं उरलं असेल तिथे खडूने गोल काढून ठेवा आणि ते दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

कोटेशन कसं वाचायचं? "रनिंग फूट" आणि "ब्रास" यांत काही कळत नाही.

रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यात न अडकता वजनात बोला. दाबलेलं डांबरी काम घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं. तीन मीटर रुंद, बारा मीटर लांब वाट म्हणजे ३६ चौरस मीटर. त्याला ०.०५ मीटर जाडी, म्हणजे १.८ घनमीटर, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास माल. ठेकेदार म्हणाला "तीन टनांत बसवतो", तर तो तुम्हाला ३५ मिलिमीटर देणार आहे. वजनकाट्याची पावती मागा, गरम डांबर-गिट्टी कालवणाऱ्या प्लांटमधून निघालेल्या प्रत्येक गाडीसोबत ती असते.

कोटेशनात या गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात : खोदाई आणि मातीची वाहतूक, मुरूम, डब्ल्यूबीएम, प्राइम कोट (डांबराआधी डब्ल्यूबीएमवर मारायचा पातळ हात), डांबरी थर. सगळं मिळून एकच आकडा लिहिलेला असेल तर सहसा खोदाई आणि मुरूमच गिळला जातो. आणि भाव किती दिवस धरून ठेवणार ते विचारा. तेल कंपन्या बिटुमेनचे दर महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला, बदलतात. त्यामुळे पंधरा दिवसांनी भाव वाढवून मागितला तर तो नेहमीच लबाडी करतो असं नाही.

एवढ्याशा कामाला प्लांटवरून गरम माल मिळतो का?

इथेच घरमालक अडकतो. प्लांटला डंपरभर ऑर्डर हवी असते, तुम्हाला हवे चार टन. मग ठेकेदार जागेवरच ड्रमखाली जाळ करून डांबर वितळवतो, फावड्याने गिट्टी कालवतो. त्यात तापमान कुणी मोजत नाही, काही ठिकाणी तर जुने टायर जाळतात. तो धूर सगळी गल्ली गिळते, आणि जास्त तापलेलं डांबर ठिसूळ होऊन वर्षभरात गिट्टी सोडतं.

दोन उपाय आहेत. चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी काम काढायचं. किंवा जवळपास कॉलनीचा, टाउनशिपचा रस्ता होत असेल तर त्या ठेकेदाराशी आधीच रीतसर बोलून, पैसे देऊन, पावती घेऊन एक फेरी आपल्याकडे वळवायची. सार्वजनिक कामाचा माल चोरून स्वस्तात घेऊ नका, तो तुमच्याच रस्त्यातून कमी झालेला असतो.

माल आला त्या दिवशी मी काय बघू?

तापमान. बाकी सगळं त्याच्यानंतर. व्हीजी-३० चा माल प्लांटमधून १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतो. पसरताना तो १४० च्या खाली नको आणि शेवटचा रोलर फिरेपर्यंत ९० च्या खाली नको. लांब दांड्याचा थर्मामीटर ठेकेदाराकडे असायला हवा. मालातून निळसर धूर निघत असेल तर जास्त तापला आहे. काळाभोर, चकचकीत, डंपरमध्ये किंचित ढासळणारा ढीग चांगला. ढेकळं धरलेला, मंद काळा ढीग गार झाला आहे.

सुदामानगरात माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी डिसेंबरात काम होतं. डंपर दुपारी दोनला यायचा तो सव्वापाचला आला. मी थर्मामीटर खुपसला, काटा ११० वर. पसरेपर्यंत आणि बेबी रोलर सुरू होईपर्यंत तो ८५ झाला होता. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, ऊन लागलं की आपोआप बसेल." ताईकडे पाहुणे यायचे होते, सगळ्यांना उरकायचं होतं, आणि मला माहीत असूनही मी डंपर परत पाठवला नाही. दिसायला काम सुरेख झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये चाकाच्या पट्ट्यात बोटाने गिट्टी सुटायला लागली, झाडूबरोबर रोज सुपलीभर खडे निघायचे. दोन वर्षांत तो सगळा थर खरवडून नवा करावा लागला. अजून त्या गेटमधून आत जाताना मला ते सव्वापाच आठवतात. माल गार असेल तर परत पाठवा, पाहुणे असोत नाहीतर मुहूर्त असो.

दुसरं, प्राइम कोट. डब्ल्यूबीएम झाडून स्वच्छ केल्यावर त्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ बिटुमेन मारतात, चौरस मीटरला पाऊण ते एक किलो. मारताना ते चॉकलेटी दिसतं, मग काळं पडतं. ते मुरून सुकायला एक दिवस द्या. सकाळी प्राइम आणि दुपारी डांबर असं वेळापत्रक मान्य करू नका.

कोणत्या महिन्यांत काम काढावं?

दसरा-दिवाळीनंतर जमीन थोडी सुकली की, किंवा रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली की अक्षय तृतीयेपर्यंत. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यात येतो, त्यामुळे मे अखेरीला सुरू केलेलं काम धोक्यात असतं. खोदून ठेवलेल्या खड्ड्यात एक वळीव पडला तर तळाची माती पुन्हा चिखल होते. थंडीतही चालतं, फक्त दुपारच्या आत. हवा १० अंशांच्या खाली असताना डांबर टाकू नये.

नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, इंटरनेटची केबल?

सगळं आधी. आणि आज गरज नसली तरी डांबराखालून आडवे दोन रिकामे पीव्हीसी पाइप, ११० मिलिमीटरचे, टाकून टोकं बंद करून ठेवा. भिंतीवर त्यांची खूण करा. पुढे कुठलीही तार न्यायची वेळ आली तर तोडफोड वाचते.

रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा ड्राइव्हवेजवळ चालेल का?

नाही, आणि हे मी स्वतःच्या घरी शिकले. छताचं पाणी जमिनीत मुरवलंच पाहिजे, बोअर जगवायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. पण आमचा शोषखड्डा वाटेच्या कडेपासून जेमतेम दोन फुटांवर होता. दर पावसाळ्यात तेवढाच कोपरा फुगायचा आणि मार्चपर्यंत खाली बसायचा. शेवटी खड्डा मागच्या अंगणात हलवला. ड्राइव्हवेपासून आणि जोत्यापासून चार-पाच मीटर तरी अंतर ठेवा. छताच्या पाइपचं पाणी थेट डांबरावर कधी सोडू नका.

गाडी कधी आत घेऊ?

दोन दिवस पूर्ण बंद, तीन दिले तर उत्तम. त्यानंतरचा पहिला उन्हाळा मात्र जपायचा. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवलं की चाकाखालचं डांबर भाकरी थापल्यासारखं फिरतं. गाडी थोडी पुढे-मागे करत वळवा. रोज त्याच जागी उभी न करता हातभर इकडेतिकडे करा. दुचाकीच्या स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा, जॅक लावताना तर हवीच. आणि गणपतीत, लग्नात मंडपवाला आला की त्याला आधी सांगा : लोखंडी पाइपाखाली फळकुट, पहारीने भोक पाडायचं नाही. एका भोकातून एक पावसाळा पाणी गेलं तरी पुरे होतं.

पेट्रोल, ऑइल सांडलं तर?

लगेच रेती किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, झाडून काढा, मग कपड्याच्या साबणाने धुवा. डिझेल आणि रॉकेलने डांबर विरघळतं, म्हणून डाग काढायला रॉकेल वापरू नका. बोटाने दाबल्यावर जागा मऊ लागली तर तेवढा तुकडा कापून नवा भरावा लागेल.

भेगा पडल्या आहेत. कोणत्या भेगेला घाबरायचं?

केसाएवढ्या बारीक भेगांना घाबरू नका, सील कोटमध्ये त्या बुजतात. तीन मिलिमीटरच्या वरची भेग पावसाआधी भरायचीच. तारेच्या ब्रशने आतली माती, गवत काढा, फुंकून साफ करा, पूर्ण कोरडी असताना गरम बिटुमेन किंवा इमल्शन ओता आणि वर चुरी भुरभुरा. मे हा त्यासाठी चांगला महिना. तेव्हा माती आकसलेली असते, भेग उघडी असते, माल खोल जातो.

जाळीसारख्या भेगा मात्र वरून भरून काही होत नाही. तिथे खालचा पाया गेला आहे. तो चौकोन कापून काळी माती दिसेपर्यंत खाली जावं लागतं आणि सगळे थर नव्याने भरावे लागतात.

खड्डा घरी भरता येतो का?

छोटा असेल तर येतो. कोल्ड मिक्स पोत्यांत मिळतो, तापवावा लागत नाही. खड्ड्याच्या कडा छिन्नीने उभ्या आणि चौकोनी करा. गोल, उतरत्या कडांचा खड्डा कितीही वेळा भरला तरी माल बाहेर येतो. पाणी आणि धूळ काढा, कडांना इमल्शनचा हात फिरवा, दोन इंचांच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. वरचा थर आजूबाजूपेक्षा पाच-सहा मिलिमीटर उंच ठेवा, चाकाखाली तो बसतो.

सील कोट दर वर्षी करावा का?

दर वर्षी नको, थर साचून सोलायला लागतो. पहिलं वर्ष तर अजिबात नको (प्रिमिक्स कार्पेटवरचा सील कोट वेगळा, तो कामाबरोबरच हवा). नंतर काळा रंग करडा पडला, बारीक गिट्टी उघडी दिसू लागली की, साधारण तीन ते पाच वर्षांनी. बिटुमेन इमल्शनचाच घ्या. कोलटारचे सीलर आरोग्याला वाईट, त्यातल्या विषारी द्रव्यांमुळे अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली.

दारावर येऊन "साहेब, हजारात चकाचक काळं करून देतो" म्हणणाऱ्यांना वाटेला लावा. बऱ्याचदा ते गाड्यांचं जळकं ऑइल असतं. चार दिवस चकाकतं, आणि खालचं बिटुमेन मऊ करून जातं.

महापालिकेने रस्ता उंच केला, आता पाणी आत येतं. काय करू?

आमच्याच गल्लीत अर्ध्या घरांचं हेच दुखणं आहे. जुना थर न खरवडता नवा चढवला की रस्ता दर वेळी वर येतो. रस्त्याचं काम सुरू होण्यापूर्वीच रहिवाशांनी मिळून झोन कार्यालयात लेखी द्यावं की आधी जुना थर खरवडा. झाल्यानंतर फक्त एक इलाज उरतो, गेटच्या आतल्या बाजूला रुंदीभर आडवी नाली, वर लोखंडी जाळी. ती जाळी दर पंधरवड्याला उचलून साफ करावी लागते.

गेटबाहेरचा उतार ही तुमची जमीन नाही. नालीवर भराव घालून रॅम्प बांधू नका. तुमच्या घरी पाणी येणार नाही, पण शेजाऱ्याच्या घरी जाईल.

कडेला आंबा आणि कडुनिंब आहे, तोडावा लागेल का?

मुळीच नाही. बुंध्यापासून निदान दीड मीटर जागा मातीची मोकळी सोडा, वाट तिथे थोडी वळवा. मूळ वर आलं म्हणून ते छाटून त्यावर डांबर दाबलं तर झाडही दुखावतं आणि दोन वर्षांत डांबरही उचललं जातं. एवढं मात्र खरं की मोठं झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतलं पाणी ओढतं, त्यामुळे त्याच्या आसपास भेगा जास्त पडतात. झाडाच्या बाजूच्या कडेला विटांची किंवा कर्ब स्टोनची ओळ पक्की बसवा.

जुन्या डांबरावरच नवा थर टाकला तर?

जुना थर घट्ट असेल, जाळीदार भेगा नसतील, जोत्याला आणि गेटला उंची शिल्लक असेल, तर टाकता येतो. आधी झाडून, भेगा भरून, टॅक कोट मारायचा, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम इमल्शन. हा पातळसा हात चुकवला तर नवा थर पापडासारखा सुटून येतो.

नीट केला तर किती वर्षं टिकेल?

पाया बदललेला असेल आणि पाणी साचत नसेल तर बारा ते पंधरा वर्षं मी सहज धरते. महूच्या रस्त्याला एका ओळखीच्यांनी मुरमावर करून घेतलेली वाट आता चौदा वर्षांची आहे. दोनदा सील कोट, दर मे महिन्यात भेगांची पाहणी, एवढंच त्यांनी केलं. खराब झाला आहे तो फक्त एक कोपरा, जिथे बागेचा नळ वर्षभर ठिबकत होता. नळाचा वायसर बदलून झाला, आता या दिवाळीनंतर तो कोपरा कापायचा आहे.